ज्यू कबरस्तानातला दगड कसा वाचायचा

पहिल्यांदा नाव शोधू नका. कबरस्तानात आलेला माणूस हमखास आडनाव हुडकत फिरतो, अर्ध्या तासात उन्हाने वैतागतो आणि "काही वाचताच येत नाही हो" म्हणत फाटकाकडे वळतो. नाव सगळ्यात शेवटी सापडतं. त्याआधी दगड कुठल्या भाषांत बोलतो ते बघायचं, मग वरची-खालची ठरलेली अक्षरं, मग बापाचं नाव, मग तारीख. हा क्रम धरलात तर हिब्रूचं एक वाक्य बोलता न येणाऱ्यालाही दगड वाचता येतो. मलाही हिब्रू बोलता येत नाही. अक्षरं आणि आकडे येतात, तेवढ्यावर काम भागतं.

मी अलिबागची. शाळेत गणित शिकवायचे. इस्रायल आळीतली बरीच मुलं माझ्या हाताखालून गेली. त्यांतले बहुतेक केव्हाच इस्रायलमध्ये लोद, अश्दोद, दिमोना असे पांगले. आता त्यांची पोरं-नातवंडं हिवाळ्यात येतात, फोनमध्ये आजीने सांगितलेलं एखादं गाव आणि नाव टिपून आणतात आणि म्हणतात, "बाई, पणजोबांचा दगड दाखवा." त्यांच्यासाठी जे पुन्हापुन्हा सांगावं लागतं ते इथे लिहिते.

आधी जाण्याची वेळ. पावसाळ्यात कोकणातल्या कबरस्तानात जाण्यात अर्थ नाही, छातीइतकं रान असतं. दिवाळीनंतर गवत वाळतं, कापलं जातं, तेव्हा जा. तरीही बूट घाला आणि हातात काठी ठेवा, कारण सापांना ह्या जागा आवडतात. शनिवारी जायचं नाही, ज्यू सणांच्या दिवशीही नाही. आधी मशिदीत शम्मासांना, म्हणजे तिथली देखभाल करणाऱ्यांना, विचारा. (बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणतात. मुंबईचं मस्जिद स्टेशन मांडवीतल्या त्यांच्या जुन्या मशिदीवरून, असं ते सांगतात.) पुरुषांनी डोकं झाकावं. बाहेर पडताना सगळ्यांनी हात धुवावेत.

सामान फार लागत नाही. साधं पाणी, स्पंज, दाढीचा जुना मऊ ब्रश आणि एक हातभर आरसा. तारेचा ब्रश, ॲसिड, ब्लीच, खडू, पीठ यांतलं काहीही दगडाला लावू नका. खडू घासून अक्षरं पांढरी केली की फोटो छान येतो हे खरं, पण संगमरवर त्याने खरवडला जातो आणि पुढच्या माणसाला तेवढंही दिसत नाही. शेवाळ असेल तर पाणी मारून दहा मिनिटं थांबा आणि स्पंजने हलकेच पुसा. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर वाचा. मध्यान्हीच्या उन्हात कोरलेलं अक्षर सपाट होतं. झाडाच्या सावलीत दगड असेल तर आरशाने उन्हाची तिरीप बाजूने टाका. समोरून टाकलीत तर काही उपयोग नाही, अगदी दगडाला घासून जाईल अशी टाका. नुसता डाग वाटत होता तिथे अक्षराची कड उभी राहते.

संगमरवरी पाट्यांची एक खुबी लक्षात ठेवा. पुष्कळ पाट्यांवर अक्षरं कोरून त्यांत शिसं भरलेलं असे. कालांतराने शिसं निघतं किंवा कोणी काढून नेतं. मग उथळ खाच उरते, आणि खाचेत शिसं धरून ठेवण्यासाठी पाडलेली बारीक भोकं. खाच झिजली तरी भोकं टिकतात. त्यांच्यावर बोट फिरवा. एका रेषेत तीन भोकं आणि वर आडवी दोन, असं काहीतरी हाताला लागतं आणि अक्षराचा सांगाडा ध्यानात येतो. जांभ्याच्या नुसत्या चौथऱ्यावर मात्र काही शोधू नका. जांभा अक्षर धरत नाही.

आता भाषा मोजायला या. ह्याच पायरीवर मी सगळ्यांना सक्तीने थांबवते, कारण ज्यू लोक कुठून कुठे गेले आणि तिथे कसे राहिले याचा निम्मा इतिहास इथेच दिसतो. रोममधल्या ज्यूंची भुयारी दफनस्थानं साधारण दुसऱ्या ते पाचव्या शतकातली. विन्या रांदानिनी आणि व्हिला तोर्लोनिया ही त्यांतली प्रसिद्ध. तिथले लेख बहुतांशी ग्रीक आहेत, काही लॅटिन, आणि हिब्रू अगदी तुरळक. शेवटी कुठेतरी 'शालोम' एवढंच असतं आणि शेजारी सात फांद्यांचा दिवा कोरलेला. घरात ग्रीक बोलणारे लोक होते ते, मेल्यावर कोणती भाषा बोलणार! दक्षिण इटलीत व्हेनोसाला तेच ग्रीक-लॅटिन काही शतकं चालतं आणि नवव्या शतकात दगड हिब्रू होतात. मधल्या काळात हिब्रू शिकवणारी माणसं आणि शाळा तिथवर पोचल्या होत्या. राइनकाठच्या वर्म्सला अकराव्या शतकापासूनचे दगड अजून उभे आहेत, ते नुसते हिब्रूत. बाजारात जर्मन बोली चाले, कबरीवर नाही.

ॲमस्टरडॅमजवळ आउडरकर्कला सतराव्या शतकातले आडवे दगड बघितलेत तर हिब्रूबरोबर पोर्तुगीज दिसेल. स्पेनने १४९२ मध्ये ज्यूंना हाकललं, पोर्तुगालने १४९७ मध्ये जबरदस्तीने बाटवलं. त्यांचे वंशज शंभर-सव्वाशे वर्षांनी हॉलंडमध्ये उघडपणे ज्यू झाले, तरी ज्या देशाने छळलं त्याचीच भाषा कबरीवर मिरवतात. मला हे फार मानवी वाटतं. पुढे जर्मनीत एकोणिसाव्या शतकात एका अंगाला हिब्रू आणि पाठीमागे जर्मन असे दगड येतात. म्हणून दगडाची पाठ बघितल्याशिवाय पुढे सरकायचं नाही, हा नियम तिथलाच.

आणि आपल्याकडे? कोकणातल्या दगडावर हिब्रू, मराठी, इंग्रजी असा त्रिवेणी प्रकार असतो, कधी दोनच. बेने इस्राएलांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली. त्यांचे वंशज गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शनिवार तेली. हिब्रू ग्रंथ हाताशी नव्हते. शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसावा, सुंता, खाण्याचे नियम आणि 'शेमा'ची प्रार्थना एवढं टिकलं. हिब्रू त्यांच्याकडे मुख्यतः कोचीच्या ज्यू शिक्षकांमुळे परत आली आणि थोडी मिशनऱ्यांमुळेही. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं ते ह्याच लोकांसाठी. तेव्हा कोकणातल्या कबरीवर हिब्रू दिसली की बहुधा एकोणिसावं शतक किंवा नंतरचा काळ धरा. इंग्रजी आली ती पलटण, रेल्वे, कस्टम आणि पोस्टाच्या नोकरीतून. सुभेदार, जमादार, सरदार बहादूर असे हुद्दे दिसले तर ते टिपून ठेवा. लष्करी कागदांत माणूस सापडायची ती किल्ली असते.

हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचायची. छापील अक्षरांचा तक्ता बरोबर ठेवा, बावीसच अक्षरं आहेत. अगदी वर, एकटी बसलेली दोन अक्षरं बघा. बहुतेकदा ती पे आणि नून असतात, 'इथे पुरले आहे' याचं लघुरूप. पे म्हणजे पोटात छोटी गाठ असलेलं, डावीकडे उघडं अक्षर. नून म्हणजे वरखाली लहान आकडे असलेली उभी काडी. बगदादी (इराककडून आलेल्या) किंवा स्पेनकडून आलेल्या ज्यूंच्या दगडांवर त्याजागी मेम आणि कोफ असू शकतात, 'कबरीचा दगड' अशा अर्थाने. हा एक फरकसुद्धा माणूस कुठल्या जमातीचा ते सुचवतो. मुंबईत वरळीच्या कबरस्तानात बेने इस्राएल, चिंचपोकळीला बगदादी, हे माहीत असलं की पडताळा मिळतो.

तळाशी पाच अक्षरं ओळीने येतात: ताव, नून, त्सादी, बेत, हे. त्याचा अर्थ, ह्याचा जीव जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो. बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातल्या पंचविसाव्या अध्यायातली ती ओळ आहे. वरची दोन आणि खालची पाच सापडली की दगड सुलटा झाला म्हणायचं. मधे जे उरलं त्यातच माणूस आहे.

मधल्या मजकुरात बेत-नून किंवा बेत-ताव ही जोडी शोधा. पहिली 'चा मुलगा', दुसरी 'ची मुलगी'. तिच्या उजवीकडे मृताचं नाव आणि डावीकडे बापाचं. हिब्रू भागात आडनाव सहसा नसतंच, म्हणून आडनाव शोधणारे फसतात. आडनाव मराठीत किंवा इंग्रजीत असतं आणि ते गाव सांगतं: किहीमचे केहिमकर, दिवेआगरचे दिवेकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर. मराठीतलं पहिलं नावही वेगळं निघू शकतं. मुंबईत १७९६ मध्ये पहिली मशीद बांधणारे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर मराठीत सामाजी हसाजी दिवेकर होते. त्यामुळे हिब्रूत शमुएल आणि मराठीत सामाजी दिसला तर दोन माणसं समजू नका.

चित्रंही वाचता येतात, पण जपून. बोटं फाकवलेले दोन पंजे म्हणजे कोहेन घराणं, पुरोहितांचं. सुरई म्हणजे लेवी. प्रागच्या जुन्या कबरस्तानात सिंह, मासे, पंजे, सुरया यांची रेलचेल आहे. बेने इस्राएलांत मात्र परंपरेने कोहेन-लेवी नाहीतच. कोकणात पंजे दिसले तर घाईने निष्कर्ष काढण्याआधी कुटुंब बगदादी, कोचीचं की युरोपातलं ते विचारा.

आता माझा आवडता भाग, तारीख. हिब्रूत आकड्यांची वेगळी चिन्हं जुन्या दगडांवर नसतात, अक्षरंच आकडे होतात. आलेफ १, बेत २, असं तेतपर्यंत ९. योद १०, काफ २०, लामेद ३०, मेम ४०, नून ५०, सामेख ६०, आयिन ७०, पे ८०, त्सादी ९०. कोफ १००, रेश २००, शिन ३००, ताव ४००. अक्षरं पाहिजेत तशी शेजारी ठेवून बेरीज करायची. दोनच अपवाद पाठ करा. पंधरा हा दहा आणि पाच असा न लिहिता नऊ आणि सहा असा लिहितात, सोळा हा नऊ आणि सात असा. कारण योद-हे आणि योद-वाव ही अक्षरं देवाच्या नावातली, ती हिशेबाला वापरत नाहीत.

ज्यू सन जगाच्या उत्पत्तीपासून मोजतात, आता ५७०० च्या पुढे आहे. दगडावर हजार गाळतात. म्हणून उरलेल्या तीन आकड्यांत १२४० मिळवले की इसवी सन येतं. इथवर सगळ्यांना जमतं आणि इथेच सगळे चुकतात, कारण ज्यू वर्ष तिश्री महिन्यात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होतं. महिना तिश्री, हेश्वान किंवा किस्लेव असेल तर १२४० ऐवजी १२३९ मिळवा. किस्लेवचा शेवट आणि तेवेत हे डिसेंबर-जानेवारीच्या सांध्यावर येतात, तिथे नियम लावू नका, सरळ ज्यू पंचांग बघा.

एक नमुना करून दाखवते. समजा दगडावर वर्ष आहे ताव, रेश, आयिन, तेत. चारशे अधिक दोनशे अधिक सत्तर अधिक नऊ, ६७९. बाराशेचाळीस मिळवून १९१९. महिना हेश्वान. म्हणजे एक वजा, १९१८. आता हेश्वान ५६७९ म्हणजे ऑक्टोबर १९१८, मुंबई इलाख्यात इन्फ्लुएन्झाने माणसं पटापट मरत होती तो महिना. १९१९ लिहून ठेवलंत तर त्याच कुटुंबाचे एकाच आठवड्यातले दोन-तीन दगड का आहेत, ह्याचं उत्तर हातचं निसटतं.

पुढे दिवसाचं अक्षर घ्या. वाव आहे की झायिन? झिजलेल्या दगडावर दोन्ही उभ्या काड्याच दिसतात, झायिनच्या डोक्यावर टोपी दोन्ही बाजूंना येते एवढाच फरक. वाव म्हणजे ६, झायिन म्हणजे ७. अशा वेळी वार कोरलाय का बघा. नमुन्यातल्या दगडावर 'शब्बाथ' आहे असं धरा. त्या वर्षीची एक तिश्री ७ सप्टेंबर १९१८ ला, शनिवारी होती. तिश्री तीस दिवसांचा, म्हणून एक हेश्वान ७ ऑक्टोबर, सोमवार. सहा हेश्वान १२ ऑक्टोबर, शनिवार. सात असता तर रविवार आला असता. म्हणजे वाव. वार हा फुकट मिळालेला साक्षीदार आहे, त्याला सोडू नका. मात्र ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. इंग्रजीत ११ ऑक्टोबर आणि हिब्रूत सहा हेश्वान असेल तर दगड चुकलेला नाही, माणूस शुक्रवारी रात्री गेला.

अशीच गल्लत हे आणि खेत यांची होते, ५ आणि ८. वर्षाच्या शेवटच्या अक्षरात झाली तर तीन वर्षांचा फरक पडतो. पाथरवटाला हिब्रू येत असेलच असं नाही, तो कागदावरचं चित्र कोरत असे. त्यामुळे शंका आली की दगडाला आधी दोष न देता दोन्ही वाचनं मांडा आणि वाराने तपासा. काही वर्षांत अदार महिना दोनदा येतो, एकोणीस वर्षांत सात वेळा. अधिक महिना माहीत असलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. युरोपातल्या काही दगडांवर वर्षाऐवजी पवित्र ग्रंथातली ओळ असते आणि तिच्यातल्या ठरावीक अक्षरांवर टिंबं. फक्त टिंबांच्या अक्षरांची बेरीज करायची.

आकडा १५०० ते २००० च्या दरम्यान आला आणि इसवी सन म्हणून पटत नसेल तर सेल्युसिड सन आहे का बघा. इसवी सनपूर्व ३१२ च्या शरदापासून मोजलेलं हे सन येमेन, इराक, कोची इथल्या ज्यूंनी शतकानुशतकं वापरलं. शरद ऋतूत ३१२ वजा करा, पुढच्या महिन्यांत ३११. केरळात चेंदमंगलमला सारा बत इस्राएल हिचा दगड आहे, त्यावर १५८१ आहे. वजाबाकी करा, १२६९ किंवा १२७० येतं. भारतातला तो सगळ्यात जुना हिब्रू शिलालेख मानतात. व्हेनोसाच्या दगडांवर तर जेरुसलेमचं मंदिर पडल्यापासूनची, म्हणजे इसवी सन ७० पासूनची वर्षं मोजलेली आहेत. आपल्याकडे कागदपत्रात शके आला तर ७८ मिळवा, जानेवारी ते मार्च असेल तर ७९.

कुटुंबाकडे तारीख नसते पण सण असतो, तो जरूर विचारा. "दारफाळणीच्या आदल्या दिवशी आजी गेली" म्हणजे नऊ तिश्री, कारण दारफाळणी हा योम किप्पुर, प्रायश्चित्ताचा उपास, दहा तिश्रीचा. "बिरड्याच्या रोजाला" म्हणजे नऊ आव, मंदिर पडल्याचा उपास, जुलै-ऑगस्टमध्ये येतो, वालाचं बिरडं खाऊन सोडतात. "नवियाचा सण" म्हणजे नवं वर्ष, "खिरीचा सण" त्यानंतरचा. इस्रायलमध्ये जन्मलेल्या नातवंडांना हे शब्द कळत नाहीत. आजीशी बोलताना फोन स्पीकरवर ठेवायला सांगते आणि मी मराठीत विचारते. महिना मिळाला की कबरस्तानातली ओळन् ओळ चाळावी लागत नाही.

दगडच नसला तर? ही शक्यता आधीच धरून चला. जर्मनीत व्युर्ट्सबुर्गमध्ये १९८७ साली एक इमारत पाडताना मध्ययुगीन ज्यू कबरींचे दीड हजारांच्या आसपास दगड आणि तुकडे निघाले, भिंतींत चिणलेले. ग्रीसमधल्या थेसालोनिकीचं तीन लाखांहून जास्त कबरींचं कबरस्तान डिसेंबर १९४२ पासून उद्ध्वस्त केलं, दगड बांधकामाला गेले, आज त्या जागेवर विद्यापीठ आहे. गोव्यात गार्सिया द ओर्तांचं उदाहरण आहे. पोर्तुगालच्या बाटलेल्या ज्यू घराण्यातले हे वैद्य, १५६३ मध्ये त्यांचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ गोव्यात छापला गेला, १५६८ मध्ये ते वारले. १५८० मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्यांची हाडं उकरून जाळली. तिथे दगड कितीही शोधा. कागद मात्र उरतात, आणि छळणाऱ्यांचे कागद बहुधा सगळ्यात नीट ठेवलेले असतात.

कोकणात असा छळ झाला नाही. इथे दगड गेले ते पावसाने, रानाने, आणि मागे बघायला माणूस न उरल्याने. १९५० च्या सुमारास वीस हजारांच्या घरात असलेली जमात पुढच्या दोन-तीन दशकांत बहुतांशी इस्रायलला गेली. म्हणून दगड नाही मिळाला तर उलट्या वाटेने जा. आडनावावरून गाव, गावावरून जवळची मशीद: अलिबाग, रेवदंडा, पनवेल. मशिदीत जन्म-मृत्यूची वही आहे का विचारा. जुनी पानं मोडीत असू शकतात, तेव्हा मोडी वाचणारा बरोबर न्या. गावातल्या म्हाताऱ्यांना "इस्राएलांचा घाणा कुठे होता?" असं विचारा. "ज्यू" म्हटलंत तर कोरे चेहरे होतील, "तेली इस्राएल" म्हटलं की बोट दाखवतात.

नोंद करताना प्रत्येक दगडाचे निदान चार फोटो घ्या: पूर्ण, वरचा भाग, तारीख, पाठ. पाचवा शेजारच्या दगडासह लांबून, म्हणजे जागा सापडेल. दिसतं तेच लिहा, तुटलेल्या अक्षराच्या जागी टिंब ठेवा आणि अंदाज वेगळ्या रकान्यात. हिब्रू तारीख जशीच्या तशी एका रकान्यात, तुमचं गणित दुसऱ्या, वाराचा पडताळा तिसऱ्या. कुटुंबाला पाठवताना फोटो मूळचे पाठवा, उजेड वाढवलेले नंतर. आणि एक प्रत मशिदीला द्या. पुढच्या हिवाळ्यात त्याच आडनावाचं दुसरं कोणीतरी येतं, आणि शम्मासांना पुन्हा सगळं रान तुडवावं लागतं.